आसक्ती, सोयरिक व आप्तभाव

दोन व्यक्ती, पदार्थ किंवा रेणू एकमेकांशी जुळण्याची प्रवृत्ती, तसेच त्यांच्यातले जुळलेले नाते. युरोपीय भाषांत या सगळ्यासाठी ‘अॅफिनिटी’ हा एकच शब्द चालतो. मराठीत विषयाप्रमाणे शब्द बदलतो: रसायनशास्त्रात आसक्ती, नात्यागोत्यांत सोयरिक, समाजाशी असलेल्या जवळिकीसाठी आप्तभाव, आणि बोलताना नुसती ओढ. मूळ लॅटिन शब्द लग्नातून जुळणाऱ्या नात्याचा होता. रसायनवाल्यांनी तो तिथूनच उचलला, म्हणून या नोंदीची सुरुवातही लग्नापासून.

सोयरिक : सगे रक्ताचे, सोयरे लग्नाचे. सोयऱ्यांच्या बाबतीत मराठी भाषा सढळ आहे. व्याही, विहीण, साडू, जाऊ, नणंद, दीर, मेहुणा, भावजय अशी प्रत्येक नात्याला स्वतंत्र हाक आहे आणि प्रत्येकाचा मानपान वेगळा. विहिणीच्या पंगतीत वाढताना कुठे चुकले तर काय होते हे कोशात लिहिण्याची गरज नाही.

इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात नातेव्यवस्थेच्या दृष्टीने महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवला. उत्तरेत लग्न शक्यतो परक्या घरात होते. दक्षिणेत नात्यातच सोयरिक करण्याची चाल आहे. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची मुभा असते, त्या मानाने आत्याची मुलगी करणे कमी पसंत पडते. या चालीची खूण बोलण्यात उरली आहे. सून सासऱ्याला मामंजी म्हणते आणि काही समाजांत सासूला आत्याबाई. मामाची मुलगी आतेभावाच्या घरी सून म्हणून गेली की तिची सासू आत्याच असते. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लुई द्यूमाँ यांनी १९५७ मध्ये दक्षिण भारताविषयी लिहिताना यापुढचे पाऊल टाकले. मामा हा आईचा भाऊ तर खराच, पण त्याआधी तो वडिलांचा मेहुणा आहे, आणि हे मेहुणेपण पुढच्या पिढीला वारशाने मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. तिथली सोयरिक एका लग्नापुरती नसते, ती घराण्याची असते.

कोणत्या सोयऱ्याशी लग्न चालते, हा कायद्याचा प्रश्न आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५०९ मध्ये पोपच्या खास परवानगीने आपल्या दिवंगत भावाच्या विधवेशी, कॅथरीनशी, लग्न केले. पुढे तेच नाते निषिद्ध ठरवून १५३३ मध्ये विवाह रद्द करवला, आणि त्या भांडणातून इंग्लंडचे चर्च रोमपासून फुटले. मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न करण्याची मोकळीक इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने मिळाली. भारताच्या हिंदू विवाह कायद्यात (१९५५) निषिद्ध नात्यांच्या यादीत रक्ताच्या नात्यांबरोबर काही सोयरिकीही आहेत, उदाहरणार्थ भावाची, काकाची किंवा मामाची पत्नी असलेली स्त्री. मेहुणी त्या यादीत नाही. रूढी असेल तर निषिद्ध नात्यातही विवाह चालतो, असा अपवादही कायद्यानेच ठेवला आहे.

रासायनिक आसक्ती : मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवावा. काही वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि निळा रंग फिका होत हिरवट होतो. लोखंड द्रावणात उतरले, तांबे बाहेर पडले. अठराव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ म्हणत की आम्लाची आसक्ती तांब्यापेक्षा लोखंडावर अधिक, म्हणून त्याने पहिली सोबत सोडली.

अशा सोडचिठ्ठ्यांची पहिली शिस्तशीर मांडणी एत्येन फ्रान्स्वा जोफ्रुआ याने १७१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे केली. त्याच्या तक्त्यात १६ स्तंभ होते. स्तंभाच्या माथ्यावर एक पदार्थ आणि खाली त्याच्याशी जुळणारे पदार्थ, जवळचा वर, दूरचा खाली. वरचा पदार्थ खालच्याला हुसकावतो, हा वाचण्याचा नियम. जोफ्रुआने ‘आकर्षण’ हा न्यूटनचा शब्द टाळला आणि नुसते ‘संबंध’ म्हटले; दुरून खेचणारी न दिसणारी बले पॅरिसमध्ये तेव्हा संशयाची मानली जात. स्वीडनच्या तॉर्बेर्न बेरीमान याने १७७५ मध्ये हाच तक्ता पुष्कळ वाढवला. प्रत्येक पदार्थाची पसंती ठाम व कायमची असते, हा त्यामागचा विश्वास होता.

तो विश्वास इजिप्तच्या वाळवंटात ढासळला. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर गेलेल्या क्लोद लुई बेर्तोले याने तिथल्या नेट्रॉन सरोवरांच्या काठी धुण्याच्या सोड्याचे थर पाहिले. तक्त्याप्रमाणे धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र आले की चुनखडी व मीठ तयार व्हायला हवे, आणि प्रयोगशाळेत तसेच होते. इथे मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा होत होता, म्हणजे क्रिया उलटी चालली होती. बेर्तोलेने कारण ओळखले: मीठ अमाप होते, चुनखडी अमाप होती, आणि तयार झालेला माल सतत बाजूला निघत होता. कोण कोणाशी जुळेल हे पसंतीवर जितके, तितकेच कोण किती संख्येने हजर आहे यावर ठरते. हे त्याने १८०१ आणि १८०३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. मात्र याच तर्काच्या भरात संयुगांतील घटकांचे प्रमाणही बदलते असते असे तो म्हणू लागला आणि तिथे चुकला. त्या चुकीमुळे त्याची बरोबर असलेली गोष्टही साठेक वर्षे मागे पडली.

ती पुन्हा वर काढली नॉर्वेच्या दोघांनी. गणिताकडचा कातो गुल्डबर्ग आणि रसायनाकडचा पेटर वोगे यांनी १८६४ मध्ये ‘आसक्तीचा अभ्यास’ या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातून वस्तुमान-क्रियेचा नियम आला: क्रियेचा जोर भाग घेणाऱ्या पदार्थांच्या संहतीवर अवलंबून असतो, आणि सुलट व उलट क्रिया तुल्यबळ झाल्या की समतोल येतो. निबंध नॉर्वेजियन भाषेत होता, त्यामुळे युरोपात फारसा कुणी वाचला नाही. हे दोघे एकमेकांचे साडू होते, रिडरवोल्ड घराण्याचे जावई. वोगेची पत्नी १८६९ मध्ये वारली आणि पुढच्या वर्षी त्याने गुल्डबर्गच्या बहिणीशी लग्न केले, तेव्हा साडूचे मेहुणे झाले. दोन्ही अर्थांच्या अॅफिनिटीचा इतका नेमका संगम इतिहासात दुसरा आढळणे कठीण.

आसक्ती मोजायची कशाने हा वाद मात्र चालूच होता. डेन्मार्कचा थॉमसेन आणि फ्रान्सचा बेर्तेलो म्हणत की क्रियेत निघणारी उष्णता हेच माप. पण नवसागर पाण्यात आपोआप विरघळतो आणि पाणी गार पडते. उष्णता बाहेर निघतच नाही. हेल्महोल्ट्झ आणि व्हान्ट हॉफ यांनी १८८० च्या दशकात दाखवले की खरे माप मुक्त ऊर्जा हे आहे. १९२२ मध्ये बेल्जियमच्या तेओफिल द दोंदे याने आसक्तीची गणिती व्याख्या केली. आता ही राशी धन असेल तर क्रिया पुढे सरकते, ऋण असेल तर मागे, शून्य असेल तर समतोल. दोनशे वर्षांच्या ओढाताणीनंतर रासायनिक आसक्तीला जागा मिळाली ती पाठ्यपुस्तकाच्या एका समीकरणात. रोजच्या कामात रसायनशास्त्रज्ञ तिचे नावही घेत नाहीत.

इलेक्ट्रॉन आसक्ती ही त्याहून मर्यादित कल्पना. वायुरूप अणूने एक इलेक्ट्रॉन स्वीकारताना बाहेर पडणारी ऊर्जा म्हणजे त्याची इलेक्ट्रॉन आसक्ती. परीक्षेत हमखास चुकणारा मुद्दा असा की सर्वांत मोठा आकडा फ्लोरिनचा नसून क्लोरिनचा आहे: क्लोरिन सुमारे ३४९ आणि फ्लोरिन सुमारे ३२८ किलोज्यूल प्रति मोल. फ्लोरिनचा अणू इतका लहान की आत आधीच दाटी असते, आणि नवा इलेक्ट्रॉन आला की असलेले इलेक्ट्रॉन त्याला ढकलतात.

रक्तातील आसक्ती : जीवरसायनात आसक्तीचे माप म्हणून विघटन-स्थिरांक वापरतात. प्रथिनाच्या निम्म्या जागा भरण्यास जितकी संहती लागते तो आकडा. आकडा जितका लहान, तितकी आसक्ती मोठी. अंड्याच्या पांढऱ्या भागातले अॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला जसे धरते तशी घट्ट पकड जैविक रेणूंत क्वचितच आढळते. स्थिरांक १ भागिले १० चा १५ वा घात मोल प्रति लिटर इतका लहान. दीर्घकाळ कच्ची अंडी खाणाऱ्यास बायोटिनची उणीव भासू शकते ती यामुळेच. अंडे शिजवले की अॅव्हिडिनची रचना मोडते आणि प्रश्न मिटतो. नेमक्या रेणूला धरणारा जोडीदार मण्यांवर बसवून मिश्रणातून हवे तेवढे प्रथिन वेचून घेण्याची पद्धत १९६८ मध्ये क्वात्रेकासास, विल्चेक आणि अॅनफिन्सन यांनी रूढ केली. औषधनिर्मितीत ती आज सर्रास वापरली जाते.

हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची आसक्ती बेताची असते, आणि बेताची असण्यातच तिची उपयुक्तता आहे: फुप्फुसात धरायचे आणि स्नायूंत सोडायचे. प्रौढाच्या रक्तात निम्म्या जागा भरायला प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे २७ मिलिमीटर लागतो; गर्भाच्या हिमोग्लोबिनला सुमारे १९ पुरतो, म्हणून गर्भाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेता येतो. कार्बन मोनॉक्साइडवर मात्र हिमोग्लोबिनची आसक्ती प्राणवायूच्या २०० ते २५० पट. हवेत २१ टक्के प्राणवायूबरोबर हा वायू अवघा ०.१ टक्का असला, तरी समतोल येईपर्यंत दोघांच्या वाट्याला जवळपास सारखेच हिमोग्लोबिन येते. या वायूला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत पेटती कोळशाची शेगडी आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर जीव घेतात ते असे. उपचार बेर्तोलेच्या तत्त्वावर चालतो: समोर प्राणवायूच इतका आणायचा की संख्येच्या जोरावर तो जागा परत घेईल. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण एक ते दीड तास.

रंगकामात कापडाची रंगावरची आसक्ती पाहतात. बहुतेक वनस्पतिजन्य रंग सुती कापडावर टिकायला तुरटीसारखा रंगबंधक लागतो. हळदीला तो लागत नाही, ती सुताला सरळ धरते. हळदी समारंभातले सुती कपडे नुसते धुऊन पुन्हा पांढरे होत नाहीत, आणि साबण लागला की डाग आधी लाल होतो. उन्हापुढे मात्र तिचे काही चालत नाही.

वंश, भाषा, विचार : जीवशास्त्रात हा शब्द उलट्या दिशेला गेला. लग्नाच्या नात्यासाठी असलेला शब्द रक्ताच्या नात्यासाठी आला. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या (१८५९) तेराव्या प्रकरणात सजीवांच्या परस्पर-आप्तभावाची मीमांसा केली: देवमासा माशासारखा दिसतो, पण त्याचा आप्तभाव सस्तन प्राण्यांशी आहे, कारण त्यांचे पूर्वज एक. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्याला हाच शब्द लावला होता.

गोएटेने १८०९ च्या कादंबरीला बेरीमानच्या ग्रंथावरून नाव दिले आणि दोन जोड्यांची फेरजुळणी रासायनिक क्रियेसारखी घडवली. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी तीच संज्ञा प्रॉटेस्टंट पंथाची शिकवण आणि भांडवलशाही यांच्या संबंधासाठी वापरली (१९०४–०५). एकामुळे दुसरे झाले असे त्यांना म्हणायचे नव्हते; दोन्ही एकमेकांना पोसत गेले, एवढेच. गणितातील अफाइन भूमिती आणि संगणकातले एखादे काम ठरावीक प्रोसेसरला बांधून ठेवणे हे याच शब्दाचे तांत्रिक उपयोग. आपल्याच समाजातला म्हणून विश्वास मिळवून लुबाडण्याच्या प्रकारालाही हेच नाव आहे.

महाराष्ट्रातील कायदेशीर अर्थ : इथे या कल्पना थेट प्रमाणपत्राला येऊन भिडल्या. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात राज्य शासनाने २६ जानेवारी २०२४ रोजी जात प्रमाणपत्राच्या नियमांतील दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात ‘सगेसोयरे’ची व्याख्या अर्जदाराच्या मागच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून जुळलेले नातलग अशी होती. रक्तापुरता चालणारा पुरावा सोयरिकीपर्यंत न्यावा का, यावरच वाद पेटला.

अनुसूचित जमातीच्या दाव्यांत ‘अॅफिनिटी टेस्ट’ त्याहून जुनी. १९९४ मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. दक्षता पथक अर्जदाराच्या घरी जाते. कुलदैवत, जन्म-मृत्यूचे विधी, लग्नाच्या चाली यांची विचारणा करते, आणि उत्तरे जमातीच्या नोंदलेल्या वैशिष्ट्यांशी ताडून पाहते. पदार्थाची पसंती परिस्थितीने बदलते हे बेर्तोलेने सांगून दोनशे वर्षे झाली. शहरात वाढलेल्या मुलाला आजोबांच्या पाड्यावरचा विधी ठाऊक नसला तर त्यावरून त्याची जमात ठरवणे हा जुन्या तक्त्याचाच खाक्या होय. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्रातीलच प्रकरणात स्पष्ट केले की ही चाचणी अंतिम कसोटी नाही. ती इतर पुराव्यांबरोबर विचारात घ्यायची, आणि राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांचे वजन सर्वाधिक.