बंगळुरू एफसी : आघाडीची नवी फळी आणि पाठीराख्यांच्या अपेक्षा

इंडियन सुपर लीगच्या २०१८-१९ च्या हंगामात विजेत्या ठरलेल्या बंगळुरू एफसीला २०२३-२४ मध्ये १२ संघांत दहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्यामुळे पुढील हंगामासाठी आघाडीची फळी नव्याने उभारण्यात आली. मुंबई सिटीकडून होर्खे परेरा डियाझ व अल्बर्टो नोगेरा, तर मेक्सिकोतील क्लबकडून स्पेनचे एडगर मेंडेझ संघात दाखल झाले. श्री कंठीरव स्टेडियमवर संघाला प्रोत्साहन देणाऱ्या ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या पाठीराख्यांच्या आशा पल्लवित झाल्या. प्रत्यक्षात संघातर्फे सर्वाधिक, १४ गोल केले ते चाळिशी गाठलेल्या सुनील छेत्री यांनी. संघाने अंतिम फेरीही गाठली. मात्र १२ एप्रिल २०२५ रोजी कोलकाता येथे मोहन बागानने अतिरिक्त वेळेत २-१ अशी मात केल्याने करंडकाची अपेक्षा अपूर्णच राहिली.