फळी आधी, बर्फ मग

निमगाव केतकीत बर्फ दिसतो तो रसवंतीत. त्यामुळे गुलमर्गसाठी स्नोबोर्ड निवडताना मला आठवली ती ढेकळं फोडायला बैलांमागे ओढायची फळी. तिच्यावर माणूस कासरा धरून, तोल सांभाळत उभा राहतो.

१९६५ साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की जोडून 'स्नर्फर' बनवला. पुढे त्याच्याही टोकाला दोरी आली. सत्तरच्या दशकात दिमित्रिये मिलोविच यांनी युटाच्या भुसभुशीत बर्फासाठी पाकोळीसारख्या दुभंगलेल्या शेपटीचे बोर्ड केले. रुंद नाक वर तरंगतं, अरुंद शेपूट रुतते, एवढंच त्यामागचं गणित. शिवाय बहुतेक स्की-केंद्रांत या फळ्यांना मज्जावच होता. मोकळा डोंगर हीच त्यांची जागा. १९८०च्या दशकात दारं उघडू लागली, तसे घट्ट उतारांसाठी पोलादी कडांचे, दोन्ही टोकांनी जवळपास सारखे बोर्ड रुळले. १९९८मध्ये नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

म्हणजे 'पावडर' आणि 'ऑल-माउंटन' हा भेद दुकानात जन्मलेला नाही. कुठे जाऊ दिलं, त्यातून तो घडला. गुलमर्गचा गोंडोला २००५पासून अफरवटपर्यंत जातो. वर ताजा बर्फ आहे, तसाच हिमस्खलनाचा धोकाही. माझ्यासारख्या नवशिक्याचे दिवस खालच्या उतारांवरच जाणार. म्हणून मी ऑल-माउंटन निवडला, पण नाक शेपटीपेक्षा जरा लांब आणि बाइंडिंग मागे सरकवता येतील असा. वर जायची वेळ आलीच, तर तो तिथेही चालेल.