तार गेली, अट राहिली

१५ जुलै २०१३ पासून आपल्याकडची तार बंद झाली. पण १८८५ चा तार कायदा त्यानंतरही दहा-अकरा वर्षं राबत होता, आणि तोही कशासाठी, तर लोकांचे फोन ऐकण्यासाठी!

त्या कायद्याचं कलम ५ वाचण्यासारखं आहे. सार्वजनिक आणीबाणी (१९७५ ची ती आणीबाणी वेगळी) किंवा सार्वजनिक सुरक्षितता, या दोहोंपैकी एक कारण असल्याशिवाय सरकारला कुणाचा निरोप मध्येच पकडता येत नसे. इंग्रजांनी ही अट आपल्यावरच्या प्रेमापोटी घातली असं मला मुळीच वाटत नाही. पण होती. १९७२ साली आपल्या संसदेनं त्यात कारणं लेखी नोंदवायचं बंधन घातलं.

पुढे राजकारण्यांचेच फोन ऐकले गेल्याचा सीबीआयचा अहवाल १९९१ मध्ये छापून आला आणि पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयानं हुकूम गृहसचिवानंच काढावा, तो दोन महिने चालेल, एकूण सहा महिन्यांच्या पुढे नाही, असे नियम घालून दिले. मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरंच. आणीबाणी किंवा सुरक्षिततेचा प्रश्न ही गुपचूप ठरवायची गोष्ट नाही, ती कुठल्याही शहाण्या माणसाला दिसली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. मात्र आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, हे काही मान्य झालं नाही. सचिवानं काढलेला हुकूम तपासणार कोण, तर सचिवांचीच समिती! असो.

मग इंटरनेट आलं. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती लोकसभेत गोंधळात, चर्चेविना मंजूर झाली. नवं कलम ६९ आणि जुनं कलम ५ मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध वगैरे कारणं दोन्हीकडे आहेत. पण ती आणीबाणी-सुरक्षिततेची अट नव्या कलमात नाहीच. उलट 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे नवं कारण आत आलंय. म्हणजे परक्या सरकारनं तारेला जे कुंपण घातलं होतं, ते आपल्याच सरकारनं ई-मेलला घातलं नाही. याच कलमाखाली २० डिसेंबर २०१८ ला केंद्रानं दहा यंत्रणांची यादी जाहीर केली. त्यात आयबी आणि सीबीआयबरोबर प्रत्यक्ष कर मंडळही आहे.

एवढ्याशा अटीनं काय फरक पडतो म्हणाल, तर मुंबईचंच उदाहरण घ्या. लाचेच्या एका प्रकरणात एका व्यावसायिकाचे फोन ऐकले गेले. यात सार्वजनिक आणीबाणी कुठली आणि सुरक्षिततेचा प्रश्न कुठला, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये हुकूम रद्द केले, ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. त्यामागे २०१७ चा, खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारा नऊ न्यायाधीशांचा निकाल होता. पण धरायला हात मिळाला तो १८८५ च्या शब्दांचा. तेच संभाषण ई-मेलनं झालं असतं तर?

२६ जून २०२४ पासून २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम २० लागू झालं. जुनी अट त्यात उतरली आहे. कलम ६९ मात्र होतं तसंच आहे.