तो ऐकत नाही

सहामाहीच्या पेपरात ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध होता. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना या निबंधाची सवय होऊन जाते. बकरी, मांजर, कोंबडा, क्वचित पोपट. असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्या सातवीतल्या एका मुलीने मात्र कुत्र्यावर लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘माझा कुत्रा ऐकत नाही.’ मी शेजारी लाल पेनाने शेरा मारला, ‘त्याला शिस्त लाव.’

पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. “टीचर, वो सच में नहीं सुनता. बहरा है.”

तिचे अब्बू घाटकोपर पूर्वेला एका कुटुंबाकडे ड्रायव्हर आहेत. त्या घरात ऑस्ट्रेलियन शेफर्ड जातीचं पिल्लू आणलं होतं. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं, दीड महिन्याचं. विकणाऱ्याने ‘रेअर’ म्हणून जास्त पैसे घेतले. महिनाभराने कळलं की त्याला काहीच ऐकू येत नाही. मग ते ड्रायव्हरच्या हाती आलं. इकडे घरात दादी नमाजी. दादींचं म्हणणं असं, की कुत्रा पाळायची मुभा आहे ती रखवालीसाठी, शिकारीसाठी नाहीतर जनावरांच्या कळपासाठी. मुलीचा प्रश्न सरळ होता: “जो सुनता ही नहीं, वो रखवाली क्या करेगा? तो फिर रखना जायज़ है क्या?”

मी आलिमा नाही, बीएड झालेली शिक्षिका आहे. मसला इमामसाहेबांना विचारा म्हटलं. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस तिला माझ्याआधीच ठाऊक होती. पण माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न घर करून बसला. ज्या कामासाठी कुत्रा ठेवायला आपल्याकडे स्पष्ट मुभा आहे, त्या मेंढ्या राखायच्या कामासाठीच ही जात घडवलेली. शिट्टी ऐकून अर्ध्या मैलावरून वळणारी. तिच्या पोटी शिट्टी न ऐकणारं पिल्लू आलं कसं?

उत्तर शोधताना १८७३ या सालापाशी थांबावं लागलं. त्या वर्षी वेल्समधल्या बाला गावी मेंढपाळी कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली नावाजलेली स्पर्धा भरली. कुत्रा मेंढ्या कशा आणतो, एवढंच तिथे बघायचं. त्याच वर्षी लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाली. प्रदर्शनात कुत्रा दिसतो कसा, उभा राहतो कसा, केस-रंग काय, हे बघणारी मंडळी. एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या. पहिल्या वाटेवर १८९३ मध्ये ओल्ड हेम्प जन्मला. दिसायला साधा. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींच्या वंशावळीत तो सापडतो, तो केवळ कामाच्या जोरावर. १९०६ मध्ये मेंढपाळांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तीही काम तपासणारी. दुसरी वाट बाजाराकडे गेली.

मेंढपाळी कुत्र्यांमध्ये एक रंग पूर्वीपासून आहे, त्याला मर्ल म्हणतात. गडद अंगावर फिकट राखाडी ढग, जशी ओल्या कागदावर शाई पसरावी. आपल्या भाषांमध्ये त्याला नेमका शब्द नाही. उर्दूतला अबलक मराठीत अबलख झाला, पण तो दोन रंगांच्या घोड्याचा. बांडा, कबरा हेही ठिपक्या-पट्ट्यांचे. मर्लमध्ये रंग तोच राहतो, जागोजागी पातळ होतो.

तो पातळ का होतो हे २००६ मध्ये उलगडलं. टेक्सासमधल्या ली अ‍ॅन क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रंगपेशींमधल्या एका जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो. हे जनुक पेशीच्या आत बारीक तंतू तयार करतं आणि रंग त्या तंतूंवर बसतो. तंतू बिघडले की रंग नीट बसत नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एका प्रतीत तुकडा असेल तर कुत्रा ढगाळ आणि देखणा दिसतो. दोन्ही प्रतींत असेल तर रंगपेशीच कमी पडतात आणि कुत्रा जवळजवळ पांढरा होतो.

पांढरा झाला तर झाला, असं वाटेल. पण रंगपेशींचं काम फक्त कातडीवर नसतं. कानाच्या आत, शंखासारख्या भागातही त्या असतात आणि तिथल्या द्रवातल्या क्षारांचा तोल राखतात. त्या नसल्या तर ऐकण्याच्या नाजूक पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. भावंडांच्या घोळक्यात बहिरं पिल्लू इतरांच्या मागे धावतं, म्हणून लक्षात येत नाही. एकटं घरी आलं की कळतं. डोळ्यांचंही तसंच, काही पिल्लांचे डोळे लहान नाहीतर सदोष निघतात.

लुइझियानाच्या जॉर्ज स्ट्रेन यांनी २००९ मध्ये १५३ मर्ल कुत्र्यांची श्रवणचाचणी प्रसिद्ध केली. एक प्रत असलेल्यांत एका कानाने बहिरे २.७ टक्के, दोन्ही कानांनी ०.९ टक्के. दोन प्रती असलेल्यांत १० टक्के आणि १५ टक्के. म्हणजे दोन प्रतींचा प्रत्येक कुत्रा बहिरा नसतो, पण चारातल्या एकाचा निदान एक कान तरी जातो.

फळ्यावर मी चार चौकोन काढले. मर्ल आणि साधा रंग अशी जोडी लावली तर सरासरी निम्मी पिल्लं ढगाळ, निम्मी साधी, दोन प्रतींचं एकही नाही. मर्लशी मर्ल लावलं तर चारांत दोन ढगाळ, एक साधं आणि एक पांढरं. मुलीला हे माझ्याआधी कळलं. “टीचर, मतलब ढगाळ तो उतने ही मिले!” खरंच की. ढगाळ पिल्लं दोन्हीकडे निम्मीच. फरक एवढाच, की दुसऱ्या जोडीत एक साधं पिल्लू जाऊन त्या जागी हे पांढरं येतं, आणि ते ‘रेअर’ म्हणून महाग विकता येतं. तिच्या अब्बूंनी साहेबांच्या फोनमधला पिल्लाच्या आईबापाचा फोटो मागून आणला. दोघेही ढगाळ.

हे कुणाला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. रंगाचा डोळ्यांशी असलेला हा संबंध सॉर्स्बी आणि डेव्ही यांनी १९५४ मध्येच ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये मांडला होता. योगायोग असा, की या नियतकालिकाचे संपादक जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याला आले, नियतकालिकही सोबत आलं, पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. ज्ञान आपल्या दारापर्यंत कधीच आलं होतं. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१३ पासून मर्ल-मर्ल जोडीच्या पिल्लांची नोंदणी थांबवली. तेही उशिराच, माझ्या मते. आपल्याकडे २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, मादी दीड वर्षाहून लहान नसावी, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिची पिल्लं घेऊ नयेत. असल्फ्याचं हे पिल्लू दीड महिन्याचं असतानाच विकलं गेलं, म्हणजे पहिला नियम तिथेच मोडला.

मराठवाड्यात कारवानी आणि पश्मी कुत्रे आहेत. ही नावं ऐकली की मला बरं वाटतं. कारवान म्हणजे तांडा, पश्म म्हणजे लोकर; दोन्ही शब्द फारसी. तांड्यांबरोबर हे कुत्रे इकडे आले असं मानतात. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी यातली जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली, म्हणून तिकडे त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ मध्ये टपाल तिकिटावरही तो आला. गावात आजही तो धावतो किती यावरच त्याची किंमत ठरते. रंगाच्या हट्टाचं काय होतं ते तमिळनाडूच्या राजापालयम जातीत दिसतं. पांढराशुभ्र हवा, नाक गुलाबी हवं, या मागणीपायी तिथे बहिरी पिल्लं निपजत आली. जनुक मर्लहून वेगळं, पण कानातल्या रंगपेशींचा तुटवडा तोच. कारवानीलाही शहरात गिऱ्हाईक मिळू लागलंय. तिथे कुणी रंगाची यादी घेऊन पोचू नये.

दादींचा मसला मी मध्ये न पडताच सुटला. पिल्लाची जागा दाराबाहेर, पत्र्याखाली ठरली. नमाजेची चटई आत, तो बाहेर. पाण्याचं भांडं दादीच भरतात, असं मुलगी सांगते. ती त्याला हाताच्या खुणा शिकवते आहे. तळवा खाली म्हणजे बस, छातीवर हात म्हणजे ये. रात्री बोलवायचं तर मोबाइलची बत्ती दोनदा. मागून एकदम हात लावायचा नाही, दचकून चावू शकतो, हे तिने धाकट्या भावाला दम देऊन सांगितलंय. गळ्यात पट्टा कायम, कारण गल्लीत रिक्षाचा हॉर्न त्याला कळत नाही.

मी पेपर परत मागून घेतला आणि माझा शेरा खोडला. वाक्याखाली लिहिलं, ‘त्याला ऐकू येत नाही, असं लिही.’ तिने वाचलं आणि म्हणाली, “टीचर, दोनों लिखूँ? कल चप्पल भी ले गया था.”