माका ठावक नाय

आमच्या आजोबांची सुक्या मासळीची लॉरी होती. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, दाणोली, मग आंबोलीचा घाट चढून बेळगाव. जाताना बांगडा, सोडे, सुंगटं, येताना कांदे-बटाटे. लॉरीला वास असा, की नाक्यावरचा शिपाई लांबूनच हात हलवून पुढे काढायचा. वासासारखा परवाना नाही, असं आजोबा म्हणायचे.

1955 च्या हिवाळ्यात या खेपांत एक नवा नेम शिरला. आठवड्यातून एकदा एक पिशवी घाटमाथ्यावरच्या टपरीत ठेवायची आणि मागे न बघता पुढे जायचं. पिशवीत पाव, थोडी सुकी मासळी, जुनी वर्तमानपत्रं. कुणासाठी, असं आजीने विचारलं तर आजोबांचं उत्तर ठरलेलं: "माका ठावक नाय."

आजीचं माहेर पेडण्याचं. त्या वर्षी 15 ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. मग सरहद्द बंद झाली आणि बांद्यापलीकडचं माहेर आजीला लंडनइतकं लांब गेलं. गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अमलात सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय काही छापता येत नसे. तुरुंगात कोण गेलं, लिस्बनला कोणाला नेलं, हे कागदावर कुठेच नसायचं. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांना 1946 मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि समुद्रापार पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं. माणूस इतका लांब नेला की त्याचं बोलणंही संपेल, असा हिशेब.

आजीचा भाऊ मात्र रात्री गोधडीत रेडिओ घेऊन झोपायचा. आवाज इतका बारीक, की शेजारी निजलेल्या बायकोला वाटायचं, नवरा झोपेत पुटपुटतोय. ही गजाल सांगताना आजी दर वेळी हसायची आणि दर वेळी शेवटाला डोळे पुसायची.

तो रेडिओ आंबोलीच्या जंगलातून बोलत होता. 25 नोव्हेंबर 1955 ला 'गोंयचे सोडवणेचो आवाज' कोकणी आणि पोर्तुगीजमधून सुरू झाला. तारीख अशी, की 1510 मध्ये त्याच दिवशी अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला होता. वामन सरदेसाई, लिबिया लोबो, निकोलाव मेनेझिस ही सुरुवातीची मंडळी. ट्रान्समीटर ट्रकवर चढवलेला. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. तिथे काडेपेटीसुद्धा पोटाशी धरून ठेवावी लागते, मग यंत्राचं काय. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला गेलं आणि 1961 पर्यंत चाललं. 19 डिसेंबरला लिबियाबाईंनी विमानातून गोवेकरांना मुक्तीची बातमी दिली.

या बाईंचं एक मला फार आवडतं. दुसऱ्या महायुद्धात त्या मुंबईत सेन्सॉरच्या कचेरीत होत्या. इटालियन युद्धकैद्यांची पत्रं वाचायचं काम. कात्री कुठे चालते हे आतून बघितलेली बाई पुढे कात्रीपलीकडे जाऊन बसली. 2025 मध्ये, शंभरी गाठल्यावर, त्यांना पद्मश्री मिळाली.

आता समजा, लिस्बनने दिल्लीला कळवलं असतं: आमच्या राज्याची गुपितं फोडणारी ही माणसं आमच्या स्वाधीन करा. दिल्लीने कागद बाजूला सारला असता, यात शंका नाही. पण त्याचं कारण वृत्तस्वातंत्र्य नव्हतं. मागणारा आपला शत्रू होता, एवढंच. 1962 च्या आपल्या प्रत्यार्पण कायद्यातल्या 31 व्या कलमात राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी माणूस देऊ नये असं लिहिलंय. कलम चांगलं आहे. त्याची परीक्षा मात्र मागणारा दोस्त असतो तेव्हा होते.

आमच्या मुलखाला हा खेळ नवा नाही. 1844-45 मध्ये सावंतवाडीत बंड झालं, मनोहरगड-मनसंतोषगडावर इंग्रजांच्या तोफा चालल्या. बंडातले फोंड सावंत मुलांसह गोव्यात गेले. इंग्रजांनी मागणी केली, पोर्तुगिजांनी माणसं दिली नाहीत. आजी हे असं सांगायची, जणू पाखल्याच्या, म्हणजे पोर्तुगिजाच्या, दारात ती स्वतः उभी होती: "पदराखाली घेतललो माणूस देवचो नसता, गो चेडवा." बरीच वर्षं मी हे वाक्य अभिमानाने मिरवलं. मग गॅझेटिअरमध्ये पुढची ओळ वाचली. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर त्याच पोर्तुगिजांनी सावंतांच्या मुलांना तिमोर बेटावर धाडलं. आजीच्या गजालीत तिमोर नव्हतं. म्हातारी माणसं गोष्ट बरोबर जागी थांबवतात. गॅझेटिअरला ती कला नाही.

छापणाऱ्याच्या अंगावर येणारं गुपित मी पहिल्यांदा ऐकलं ते वडिलांकडून, आणि ते कोल्हापूरचं होतं. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वराला कोल्हापूरच्या गादीचा मान, 1812 पर्यंत मालवणही त्यांचंच. त्यामुळे तिकडची बातमी आमच्याकडे घरची. तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय, आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असं सुचवणारी पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली. 'केसरी' आणि 'मराठा'ने ती उघड केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पत्रं बनावट ठरली, संपादकांनी माफी मागितली, तरी 1882 मध्ये चार महिन्यांची सजा झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून दोघे सुटले. वर्षभराने, 1883 च्या डिसेंबरात, महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले. कागद खोटे होते. राजा मात्र खरोखरच वाचला नाही. वडील हे सांगून गप्प बसायचे, आणि मला ती शांतता गोष्टीपेक्षा जास्त आठवते.

'विकिलीक्स'वर सरकारी गुपितं उघड करणाऱ्या ज्युलियन असांजचा खटला वर्तमानपत्रात वाचताना मला सारखी डोंगरी आठवायची. टिळकांना शिक्षा झाली कारण कागद खोटे निघाले. असांजवर खटला भरला कारण कागद खरे होते. इराक-अफगाण युद्धांची दफ्तरं, बगदादमध्ये हेलिकॉप्टरमधून माणसं टिपल्याचं चित्रीकरण. यातलं काही बनावट आहे असं कुणी म्हटलं नाही. माणूस ऑस्ट्रेलियाचा, बसला लंडनमध्ये, मागणी अमेरिकेची, कायदा 1917 चा हेरगिरीचा, ज्यात 'लोकांच्या भल्यासाठी छापलं' हा बचाव चालतच नाही. बेलमार्शच्या तुरुंगात पाच वर्षांहून जास्त काळ आणि शेवटी जून 2024 मध्ये सायपान बेटावर एका कलमाची कबुली देऊन सुटका. नावं न झाकता कागद सोडल्याबद्दल त्याला दोष देता येईल, मीही देते. पण त्याच साठ्यातल्या अमेरिकी वकिलातींच्या तारा आपल्या 'द हिंदू'ने 2011 मध्ये पानंच्या पानं छापल्या होत्या. चेन्नईतल्या त्याच्या संपादकाला उद्या अमेरिकेने मागितलं, तर आपण काय म्हणणार आहोत? आणि 1923 चा गुपितांचा कायदा, तो तर साहेबाने जाताना विसरलेल्या छत्रीसारखा अजून आपल्याच कोपऱ्यात उभा आहे.

आजोबा गेले त्याच्या आधीच्या वर्षी त्यांना बेळगावच्या डॉक्टरांकडे नेताना आम्ही आंबोलीतून गेलो. रत्नागिरीतून फुटून सिंधुदुर्ग जिल्हा होऊन वर्षं लोटली होती, गोव्यात निवडणुका जुन्या झाल्या होत्या, सालाझार कधीच मातीत गेला होता. घाटात ते बोटांवर काहीतरी मोजत होते. वळणं असावीत. एका ठिकाणी मोजणं थांबलं आणि त्यांनी काच खाली केली. बाहेर धुकं, दरीच्या कडेला अंजनीची झुडपं, रस्त्याला पाठ करून उभी एक म्हैस.

"आजोबा, ती टपरी हयच होती काय?"

त्यांनी काच वर घेतली.

"माका ठावक नाय."