मास्ट्रिख्तियन काल

मास्ट्रिख्तियन हा क्रिटेशस कल्पाच्या १२ कालांपैकी शेवटचा भूशास्त्रीय काल होय. तो सुमारे ७.२ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला व सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. त्याच्या अखेरीस मध्यजीव महाकल्पाचीही समाप्ती झाली.

== नाव ==
बेल्जियन भूवैज्ञानिक आंद्रे द्युमों यांनी १८४९ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त शहरावरून हे नाव दिले. तेथील चुनखडकाच्या खाणींत अठराव्या शतकात मोसासॉरस या प्रचंड सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म सापडले होते.

== हवामान व भूगोल ==
आधीच्या कालांच्या तुलनेत हवामान थंड होत गेले. समुद्रपातळी खालावली आणि उत्तर अमेरिकेला दुभागणारा उथळ समुद्र ओसरू लागला. मादागास्करपासून विलग झालेला भारतीय भूखंड हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. आशियाशी त्याची टक्कर अद्याप व्हावयाची होती.

== जीवसृष्टी ==
उत्तर अमेरिकेत टायरॅनोसॉरस व ट्रायसेरॅटॉप्स, तर भारतात टायटॅनोसॉर गटातील शाकाहारी डायनोसॉर वावरत होते. भारतातील जीवाश्म मुख्यतः लमेटा शैलसमूहात आढळतात. महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे मिळालेल्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताच्या पेशींतील सिलिकामय कण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे डायनोसॉरांच्या काळातही गवत अस्तित्वात होते, हे स्पष्ट झाले.

== दख्खनचे उद्रेक ==
कालाच्या अखेरच्या काही लाख वर्षांत भारतीय भूखंडावर भेगांमधून लाव्हाचे प्रचंड लोट बाहेर पडू लागले. कालसीमा ओलांडल्यानंतरही ते चालूच राहिले. या लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खन ट्रॅप तयार झाले. आज त्यांनी सुमारे ५ लाख चौ.किमी. क्षेत्र व्यापले असून महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यांच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. सह्याद्रीचे कडे व वेरूळची लेणी याच खडकात आहेत.

== अखेर ==
सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या जागी लघुग्रह आदळला. त्यामुळे सुमारे १८० किमी. व्यासाचे चिक्शुलूब विवर निर्माण झाले. या सुमारास पक्षी वगळता सर्व डायनोसॉर, मोसासॉर व अमोनाइट यांसह पृथ्वीवरील सुमारे तीन-चतुर्थांश जाती नष्ट झाल्या. कालसीमेवरील मातीच्या थरात इरिडियम या धातूचे असाधारण प्रमाण आढळल्याने लुईस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये आघाताचा सिद्धान्त मांडला. बहुतेक संशोधक आघातालाच मुख्य कारण मानतात. दख्खनच्या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड या वायूंचा विलोपनात कितपत वाटा होता, यावर मात्र मतभेद कायम आहेत.