शहाजीराजपुरम् : आपल्या शेजारचे एक गाव



कुंभकोणमला बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात एकदा तरी म्हणतोच, "इथे आपले काय आहे?" मीही म्हटले होते. त्याचे एक उत्तर येथून आठेक किलोमीटरवर आहे. त्या गावाचे नाव तिरुविसनल्लूर.

या गावाला स्टेशन नाही. आपली मेन लाइन कावेरीच्या दक्षिणेकडून तिरुविडैमरुदूरकडे जाते आणि हे गाव नदीच्या उत्तर काठावर आहे. घाटात काम केलेल्याला येथील भूगोल नवलाचा वाटतो. डोंगर नाही, खडक नाही. नदीने आणलेला गाळ, कालवे आणि भाताची शेते. गाव फार जुने. येथील शिवयोगीनाथ मंदिरावर संत संबंधर यांनी सातव्या शतकात पदे रचली.

सतराव्या शतकात शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले. त्यांचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) स्वतः मराठीत व तेलुगूत नाटके लिहीत. त्यांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दान दिले. गावाला शहाजीराजपुरम् हे नाव मिळाले. लक्षात घ्या, हे पंडित बहुतेक मराठी नव्हते. 'जानकीपरिणय' लिहिणारे रामभद्र दीक्षित त्यांच्यातले, आणि श्रीधर वेंकटेश अय्यावाळही.

अय्यावाळांची कथा येथे घरोघरी सांगतात. घरी श्राद्ध असताना त्यांनी श्राद्धाचे अन्न दारी आलेल्या एका भुकेल्या अस्पृश्य माणसाला दिले. ब्राह्मण रागावले, गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि त्यांच्या विहिरीतूनच गंगा उसळली. आजही कार्तिकातल्या अमावास्येला त्या विहिरीवर स्नानासाठी रांगा लागतात.

राजाचे नाव आता पुस्तकात उरले आहे. बसवाला 'तिरुविसनल्लूर' म्हटले तरच तिकीट देतो. तरीही मला वाईट वाटत नाही. परमुलखात आलेल्या आपल्या राजाने येथल्या विद्वानांना घर व जमीन दिली, म्हणून अय्यावाळांसारखी माणसे तेथे निश्चिंत राहिली.

आपला गणपती पाहायला शेजारची तमिळ मंडळी येतात. त्यांना प्रसाद देताना हे गाव आठवावे. आणि येत्या कार्तिकात मुलांना घेऊन एकदा ती विहीर पाहून यावे.

गणपती बाप्पा मोरया!